डॅशबोर्डमागची किरकिर



या सदरात आपण एरवी पिके, खते आणि गुराढोरांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. दारातल्या जुन्या चारचाकीत डॅशबोर्डच्या मागे हवेचा एक पंखा बसवलेला असतो. मेकॅनिक त्याला 'ब्लोअर' म्हणतात. हा पंखा वाजू लागला तर काय करावे, ते आज पाहू. ब्लोअर म्हटले की द्राक्षबागायतदारांना फवारणीचा ब्लोअर आठवेल. हा त्याचाच धाकटा भाऊ समजा.

कृषी अधिकाऱ्याने मोटारीत कशाला लक्ष घालावे, असे कोणी विचारील. पण खेड्यातली दारे आता पूर्वीची राहिलेली नाहीत. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गाडी मालकाच्या हाती पडली आणि २०१४ साली त्या गाडीचे उत्पादन थांबले. अशा कितीतरी लहान गाड्या शहरात आठ-दहा वर्षे चालल्या, मग दुसऱ्या हाताने तालुक्याला आल्या आणि तिथून वाड्यावस्त्यांवर पोचल्या. आज सरकी पेंडेचे पोते, भाजीचे क्रेट, बाळंतपणाला निघालेली लेक आणि देवाला निघालेली आजी, सगळी याच गाडीतून जातात. ज्या अवजारावर घर चालते, त्याची थोडी ओळख घरच्यांना असलीच पाहिजे.

दुसरे कारण माझ्या स्वतःच्या चुकीचे आहे. ते आधी सांगतो.

मी केलेली चूक

२०२४ च्या आषाढातली गोष्ट. माझ्या जुन्या गाडीचा हा पंखा दोन महिन्यांपासून वाजत होता. सुरुवातीला पान अडकल्यासारखी फडफड, पुढे खडखड आणि सकाळच्या वेळी उंदराने ओरडावे तशी चीं-चीं. गावोगावी फिरून दुसऱ्यांच्या पिकांवरचे रोग सांगणारा मी, पण स्वतःच्या गाडीच्या आवाजावर माझा उपाय काय, तर रेडिओ मोठा करणे!

त्या रात्री पाटणहून कराडकडे येत होतो. पाऊस कोसळत होता. मागच्या सीटवर सासूबाई झोपल्या होत्या. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तेवढी किरकिर बंद करा. आईंची झोप मोडतेय." मी पंखा बंद केला. पाच-सात मिनिटांत पुढची काच आतून पांढरी झाली. एका हाताने चाक धरून दुसऱ्या हातातल्या रुमालाने काच पुसत होतो. पुसलेल्या वीतभर जागेतून एकाएकी दोन बैल दिसले, आणि त्यांच्यामागे डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला माणूस. ब्रेक दाबला. गाडी घसरत जाऊन थांबली, ती मागच्या बैलापासून हातभर अंतरावर.

कोणाला काही झाले नाही. तो माणूस वळून पाहत नुसता उभा राहिला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. घरी पोचेपर्यंत माझ्या हातांचा कंप गेला नव्हता.

म्हणून सांगतो, हा पंखा गारव्यासाठी आणि चैनीसाठी बसवला आहे असे समजू नका. पावसाळ्यात पुढचा रस्ता दिसतो तो याच्या जिवावर. तो वाजतो म्हणून बंद ठेवणे म्हणजे चष्मा खुपतो म्हणून डोळे मिटून चालणे.

पंखा असतो कोठे आणि करतो काय

पुढच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेला एक लांबट जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत शिरते. आपल्याकडच्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो, म्हणून पंखा बहुधा डावीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या पायांच्या वर, कप्प्याच्या म्हणजे ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. मळणीयंत्रातल्या पंख्यासारखी त्याला लांब पाती नसतात. बारीक पट्ट्यांचा गोल पिंजरा असतो आणि त्याच्या मध्यभागी १२ व्होल्टवर चालणारी लहान मोटार. हा पिंजरा हवा ओढतो आणि एसीच्या थंड जाळीतून किंवा हीटरच्या गरम जाळीतून पुढे ढकलतो. मग झडपा ती हवा काचेकडे, तोंडाकडे किंवा पायांकडे वळवतात. आणखी एक झडप सुरुवातीला असते. तिने बाहेरची हवा घ्यायची की आतलीच फिरवायची, हे ठरते.

एवढा नकाशा डोळ्यांपुढे ठेवला की पुढचे सगळे सोपे आहे.

आधी ऐका, मग पाना उचला

कपाशीची पाने लाल पडली की काही बांधव लगेच दुकानात जाऊन कीटकनाशक आणतात. तो लाल्या मॅग्नेशियमच्या कमतरतेने आला असेल तर फवारणीने काय साधणार? पैसा गेला, पान लालच. तुडतुड्यांमुळेही पाने लालसर होतात, म्हणून आधी पान उलटून पाहायचे असते. गाडीच्या आवाजाचेही असेच आहे. कोणता आवाज, केव्हा येतो आणि कशाने बदलतो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय काहीही उघडू नये.

ऐकण्याची रीत अशी. गाडी शांत जागी, सपाटीवर उभी करावी. इंजिन सुरू करू नये. चावी डॅशबोर्डवरचे दिवे लागेपर्यंतच फिरवावी आणि पंखा एक नंबरवर लावावा. मग दोन, तीन, चार असे क्रमाने वाढवत जावे. हे काम दोन-चार मिनिटांत उरकावे, नाहीतर बॅटरी उतरेल.

आवाज पंख्याच्या वेगाबरोबर वाढला-घटला तर दुखणे पंख्यात आहे. पंखा चालू असून आवाज नाही, पण इंजिन सुरू करून रेस वाढवली की आवाज वाढतो, तर दुखणे बॉनेटखाली आहे. पट्टा, अल्टरनेटर किंवा पाण्याच्या पंपाची बेअरिंग पाहावी. डॅशबोर्ड उघडून काही हाती लागणार नाही. गाडी उभी असताना शांत आणि धावू लागली की डॅशबोर्डमागे किर्र-टिकटिक, तीही गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी, असे असेल तर जुन्या गाडीत स्पीडोमीटरची केबल कोरडी पडलेली असू शकते. तिचा काटाही थरथरत असेल तर संशय पक्का धरावा.

आणखी एक खूण आहे. वळणावर किंवा खड्ड्यात आवाज क्षणभर बंद होतो नाहीतर वाढतो काय, ते पाहावे. तसे होत असेल तर मोटारीचा दांडा आपल्या बुशमध्ये सैल झाला आहे. गाडी कलली की दांडाही एका अंगाला कलतो आणि आवाज बदलतो.

आवाजाची भाषा

दुखणे पंख्यातच आहे असे ठरले की आवाजाची जात ओळखावी.

फडफड किंवा खडखड: पिंजऱ्यात काहीतरी अडकले आहे. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा पालापाचोळा. कडुनिंब आणि चिंचेची बारीक पाने काचेखालच्या जाळीतून सहज आत उतरतात.

घरघर आणि थरथर, तीही मोठ्या वेगावर: पिंजऱ्याचा तोल गेला आहे. एका बाजूला माती चिकटली असेल किंवा एखादी पट्टी तुटली असेल. कडबाकुट्टीचे एक पाते झिजले की सारे यंत्र कसे हादरते ते आठवा.

चीं-चीं किंवा किर्र, सकाळी जास्त आणि थोडे चालल्यावर कमी: मोटारीचे बुश कोरडे पडले आहेत.

खळखळ, म्हणजे पाणी उडाल्यासारखा आवाज, आणि डावीकडची सतरंजी ओली: एसीचे पाणी बाहेर पडायची नळी तुंबली आहे. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकते ते याच नळीतून. ते ठिबकणे बंद झाले तर पाणी आत साठते. नळीचे तोंड खालून मोकळे केले की बहुधा भागते. मात्र सतरंजीवरचे पाणी चिकट असेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर ते रेडिएटरचे कूलंट आहे. हीटरची जाळी गळते आहे. तेथे मेकॅनिकच हवा.

शीळ वाजल्यासारखा आवाज: हवेची वाट अरुंद झाली आहे. आतली-बाहेरची हवा बदलणारा दांडा सरकवून पाहावा. आवाज बदलला तर दोष मोटारीत नाही, हवेच्या वाटेत आहे. काही गाड्यांत कप्प्याच्या मागे हवा गाळणारा कागदी फिल्टर असतो. तो धुळीने भरला असेल तर बदलावा.

आवाज वाढत जाऊन पंखा मंद झाला आणि जळका वास आला: मोटारीतले कार्बन झिजले आहेत किंवा दांडा जाम होतो आहे. अशा वेळी पंखा लगेच बंद करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत लावू नये.

कप्पा उघडताना

आता हात घालू. साहित्य फार लागत नाही. फुलीच्या तोंडाचा स्टार स्क्रू-ड्रायव्हर, बॅटरीची तार सोडवण्यासाठी १० नंबरचा पाना, बॅटरी, म्हणजे हातातली विजेरी, रंगाचा जुना कोरडा ब्रश, फडके, रबरी हातमोजे आणि नाकाला मास्क. निघालेले स्क्रू ठेवायला एक वाटी घ्यावी. हे काम दिवसाउजेडी करावे.

पहिली गोष्ट, चावी काढून बॅटरीची वजा खुणेची तार सोडवावी. दुसरी गोष्ट, गाडीत एअरबॅग आहे काय ते पाहावे. स्टिअरिंगवर किंवा डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर तसे लिहिलेले असते. डाव्या बाजूला एअरबॅग असेल तर हे काम स्वतः करू नये. पिवळ्या आवरणाच्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना कधीही हात लावू नये.

कप्पा रिकामा करावा. बहुतेक जुन्या गाड्यांत तो दोन-चार स्क्रूंवर असतो, किंवा त्याच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की खाली लोंबतो. आत उजेड टाकला की काळ्या प्लॅस्टिकची गोल पेटी दिसेल. तिच्या खालच्या तोंडाशी मोटार असते, बहुधा तीन स्क्रूंनी धरलेली. वायरीचे सॉकेट त्याची खुंटी दाबून काढावे, वायर धरून ओढू नये. काही मोटारींना हवेची बारीक रबरी नळी जोडलेली असते, तीही अलगद काढावी. मग एका हाताने मोटार खालून तोलून धरावी आणि दुसऱ्या हाताने स्क्रू काढावेत. मोटार पिंजऱ्यासकट खाली येते. तोंड बरोबर तिच्याखाली ठेवू नये. का, ते पुढे सांगतो.

एखाद्या गाडीत मोटार अशी सुटत नाही, सगळा डॅशबोर्ड काढावा लागतो. तेथे हौस करू नये. आवाजाचे निदान तेवढे आपण करावे आणि काम मेकॅनिकला द्यावे.

माझ्या गाडीतून काय निघाले

बैलांच्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्याच दिवशी मी गाडी घेऊन गॅरेजात गेलो होतो. "पंखा वाजतो," एवढेच सांगितले. दहा गाड्या रांगेत होत्या. मिस्त्रीने क्षणभर ऐकले आणि म्हणाला, "साहेब, जुनी गाडी आहे. मोटार, पंखा, पेटी, सगळाच संच बदला." मी घरी परत आलो आणि रविवारी शेजारच्या पॉलिटेक्निकच्या मुलाला हाताशी घेऊन कप्पा उघडला.

मोटार खाली आली तशी तिच्याबरोबर ओंजळभर कचरा माझ्या छातीवर पडला. कापूस, भुईमुगाची टरफले, कडुनिंबाच्या काड्या आणि कागदाचे बारीक कुरतडलेले कपटे. उंदराचे घरटेच ते. भुईमुगाच्या बियाण्याची पिशवी मी चार दिवस मागच्या सीटवर ठेवली होती, तिचे टरफल तेथे पोचले होते. कपट्यांवर छापील अक्षरे दिसली म्हणून मुलाने दोन-तीन जुळवून पाहिले आणि हसू लागला. गावात वाटायला म्हणून मी कप्प्यात ठेवलेली पत्रके होती ती. विषय, उंदीर नियंत्रण!

त्या मिस्त्रीला मी दोष देत नाही. वाळलेले झाड न दाखवता, "साहेब, बाग जळते, काय मारू?" एवढेच फोनवर विचारणाऱ्या शेतकऱ्याला मी तरी काय नेमके सांगणार? अर्धवट प्रश्नाला ठोकळ उत्तरच मिळते. मी जर त्याला म्हटले असते, "मिस्त्री, इंजिन बंद असतानाही वाजतो, तीन नंबरवर खडखडतो, सकाळी चीं-चीं करतो," तर त्यानेही आधी कप्पाच उघडला असता. स्वतः दुरुस्ती करायची नसली तरी आवाज ऐकायला शिकावे, ते यासाठी.

साफसफाई

उंदराची लेंडी किंवा घरटे निघाले तर ते कोरडे झाडू नये, फुंकर मारू नये. ती धूळ नाकात जाणे चांगले नाही, आणि उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचा आजार पसरतो हे आपल्याला ठाऊक आहे. हातमोजे आणि मास्क घालून साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारावा, ओल्या फडक्याने सगळे उचलून पिशवीत बांधावे आणि मग हात साबणाने धुवावेत. फवारा कचऱ्यावर मारायचा, मोटारीवर नाही.

पिंजऱ्याची एकेक पट्टी ब्रशने साफ करावी. कोठे कोठे पट्टीवर धातूची लहान चिमटी बसवलेली दिसेल. ती कचरा समजून काढू नका! पिंजऱ्याचा तोल साधण्यासाठी कारखान्यात ती बसवलेली असते. ती काढली की घरघर कायमची मागे लागेल. मोटार पाण्यात बुडवू नये. कॉम्प्रेसरची हवा जोराने सोडून पिंजरा गरगर फिरवू नये.

साफ झाल्यावर पिंजरा बोटाने फिरवून पाहावा. तो मऊ फिरला पाहिजे. मग दांडा धरून आडवा हलवावा. खुळखुळत असेल तर बुश झिजले आहेत.

तेल किती आणि कोठे

भगिनींनो, येथे तुमच्या शिवणयंत्राची कुपी कामी येते. पंख्याच्या मुळाशी, जेथे दांडा मोटारीत शिरतो, तेथे शिवणयंत्राच्या तेलाचे एक किंवा दोन थेंब सोडावेत. मोटार थोडी तिरकी धरून पिंजरा हाताने फिरवावा, म्हणजे तेल बुशमध्ये उतरते. वर उरलेले पुसून टाकावे. तिसरा थेंब नको. जास्त तेल आत कार्बनपर्यंत गेले तर मोटार बिघडते. खोबरेल, ग्रीस किंवा इंजिनचे काळे तेल मुळीच घालू नये. त्यावर धूळ बसून चिकटा होतो आणि आठ दिवसांत दुखणे दुप्पट होते.

तेल हा कोरड्या बुशवरचा उपाय आहे, झिजलेल्या बुशवरचा नाही. माझ्या गाडीची खडखड साफसफाईने गेली. चीं-चीं दोन थेंबांनी गेली, पण त्या वर्षीच्या दिवाळीनंतर परत आली. तेव्हा मोटार बदलली, फक्त मोटार. पेटी, जाळ्या, झडपा सगळ्या जुन्याच आहेत आणि ठीक चालल्या आहेत.

सगळे जोडण्याआधी सॉकेट लावून, बॅटरीची तार जोडून पंखा एकदा चालवून पाहावा. त्या वेळी बोटे, पदर, रुमाल पिंजऱ्यापासून लांब ठेवावेत. आवाज गेला अशी खात्री झाल्यावर चावी काढून वजा तार पुन्हा सोडवावी, मोटार जागेवर बसवावी आणि मगच कप्पा लावावा. तार शेवटी जोडावी.

फ्यूजशी खेळ नको

जाम होत चाललेली मोटार जास्त वीज ओढते. मोठ्या वेगावर असा पंखा साधारण १० ते १५ अँपिअर घेतो. दांडा अडकू लागला की हा आकडा वाढतो, सॉकेट तापते, त्याचे प्लॅस्टिक वितळते आणि फ्यूज उडतो. फ्यूज उडणे म्हणजे बांधावरच्या राखणदाराने हाक मारणे. ती हाक ऐकायची की राखणदारालाच हाकलायचे?

काही ठिकाणी फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालतात. असे कधीही करू नका. मग उडायचा फ्यूज राहत नाही, पेटायची वायर राहते, आणि तीही आपल्या गुडघ्यासमोर. पात्याच्या फ्यूजवर आकडा असतो आणि रंगही ठरलेला असतो. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. जो होता तोच आकडा परत घालावा. पुन्हा उडाला तर कारण शोधावे.

पंखा फक्त शेवटच्या, मोठ्या नंबरावरच चालतो आणि बाकीच्यांवर बंद, अशी तक्रार पुष्कळजण करतात. तेथे मोटार बदलू नये. वेग कमी करणारा रेझिस्टर नावाचा लहान भाग जळलेला असतो. तो पंख्याजवळच हवेच्या वाटेत बसवलेला असतो, म्हणजे हवेने गार राहावा. हवेची वाट कचऱ्याने अडली किंवा मोटार जास्त वीज ओढू लागली की तो जळतो. म्हणून नवा बसवताना पंखा मोकळा फिरतो काय, ते आधी पाहावे. नाहीतर नवाही जळेल.

उंदीर परत येऊ नये म्हणून

हा माझा नेहमीचा विषय, तरी येथे थोडक्यात सांगतो. बियाणे, पेंड, शेंगा, मुलांचे खाऊचे पुडे रात्री गाडीत ठेवू नयेत. गाडी कडब्याच्या गंजीशेजारी किंवा धान्याच्या कोठीला लागून लावू नये. काचेखालच्या जाळीवरचा पाला आठवड्यातून एकदा हाताने काढावा. जाळीच्या फटी मोठ्या असतील तर खालून पाव इंचापेक्षा बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवून घ्यावी. गाडी लावताना हवेचा दांडा 'आतली हवा' या बाजूला ठेवावा, म्हणजे बाहेरची झडप बंद राहते. पुष्कळ दिवस गाडी उभी राहणार असेल तर अधूनमधून ती सुरू करून पंखा चालवावा. गडबड झाली की उंदीर बिऱ्हाड हलवतो.

उंदीर धरायचा तर पिंजरा लावा, त्यात भाकरीचा तुकडा नाहीतर भजे ठेवा. पण एक गोष्ट हात जोडून सांगतो. शेतात उंदरासाठी वापरायचे झिंक फॉस्फाईड, किंवा धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या गाडीत कधीही ठेवू नका. ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. बंद गाडीत तो माणसाचा जीव घेईल. उंदीर मेला तरी तो डॅशबोर्डमागे कुजणार, आणि त्याच पंख्याने ती घाण आपल्या तोंडावर येणार.

काचेवर धुके आले तर

शेवटी पुन्हा त्या पावसाळी रस्त्यावर येऊ. बाहेर पावसाने काच गार झालेली असते आणि आत चार-पाच माणसांचा दमट श्वास. गार तांब्याला बाहेरून पाणी सुटावे तसे काचेला आतून पाणी सुटते. रुमालाने पुसून ते हटत नाही, क्षणात परत येते.

उपाय असा. हवेचा दांडा 'बाहेरची हवा' या बाजूला करावा. हवा काचेकडे वळवावी. पंखा मोठा करावा. एसी असेल तर पावसातही लावावा. त्याच्या थंड जाळीवर हवेतले पाणी गोळा होऊन बाहेर ठिबकते आणि कोरडी हवा काचेवर येते. एसी नसेल तर हीटर थोडा उघडावा. पंखाच नादुरुस्त असेल तर दोन्हीकडच्या काचा चार बोटे खाली घ्याव्यात. अंग थोडे भिजेल, भिजू द्यावे. तेवढ्यानेही दिसेनासे झाले तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन, दिवे चालू ठेवून थांबावे.

पाऊस लागण्याआधी आपण घराची कौले चाळतो, नाले मोकळे करतो. तसे यंदापासून मृगाच्या आधी एका सकाळी गाडीत बसा, इंजिन बंद ठेवा आणि पंखा एकपासून चारपर्यंत लावून नुसता ऐका. घरातल्या मुलामुलींनाही ऐकायला बसवा, त्यांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. काही वाजले तर रेडिओ मोठा करू नका.

त्या रात्रीचा तो माणूस मला पुन्हा भेटला नाही. त्याचे नाव-गावही मला माहीत नाही. पण त्याच रस्त्याने पाऊस असताना आजही जातो तेव्हा पंखा चालू असतो, काच स्वच्छ असते, आणि सासूबाई मागे खुशाल झोपलेल्या असतात.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्या शिवारात भेटू. विषय, बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासावी. तोवर, रामराम.